फोटोतून उठवलेली आई

मास्तर, तुमचा खोकला कसा आहे? काकूंचे गुडघे? स्टुडिओतली ती लंगडी मांजर एव्हाना तिकडेच पोचली असेल, तिचं बरं चाललंय ना? इकडे माझी साखर वाढलीय, हिची कंबर धरते, बाकी बरं म्हणायचं. खरं तर बरं नाही, म्हणूनच लिहायला बसलो.

कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून मी चिंचवडला तुमच्याकडे फोटो धुवायला शिकायला यायचो. एकदा दापोडीच्या लग्नातला एक फोटो मी कडेनं कापला. नवरीच्या खांद्यावर कुणाचा तरी नुसता हात येत होता, तो घालवला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, "गाढवा, त्या विधवा मावशीनं पोरगी वाढवली! मांडवात लोकांनी तिला मागं बसवलं, तू तर फोटोतूनच उठवलंस!"

आता रावेतला मुलाच्या सोसायटीत राहतो. मोबाइलवर एकदा मूल पळवल्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. तेव्हापासून मोबाइल मला तसलेच व्हिडिओ वाढतोय, पोट भरलं तरी. हिच्या मोबाइलात भजी नाहीतर पैठण्या. ही म्हणते, "अहो, एकाच सोफ्यावर बसून तुम्ही कुठल्या गावात राहता?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय, बाहेर काय चाललंय ते!"

मागल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतला एक भाडेकरू, चाकणला कामाला जाणारा बाहेरगावचा माणूस, रडत्या चिमुरडीला हाताला धरून ओढत नेताना दिसला. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'लक्ष ठेवा.' घटकाभरात सगळे जागे. 'हा तोच!' 'पोलिसात द्या राव याला!' तो तिचा मामा निघाला. पोर सुईला घाबरून रडत होती. तो जीव तोडून सांगत होता, "अहो, हिची आई सोबत होती!" लोक म्हणाले, "मग फोटोत कुठाय?" घरमालकानं हात झटकले, "मला कटकट नको, फ्लॅट सोडा."

माझ्या मोबाइलात अख्खा फोटो आहे, मास्तर. त्यात दोन पावलं मागं आई आहे, काखेत दवाखान्याची फाइल. ती चुकून कापली गेली नाही. ती दिसली की फोटोत काही घडतच नव्हतं, म्हणून मी बोटानं चौकट आवळली.

हिलाही हे सांगितलेलं नाही. अख्खा फोटो टाकला तर या वयात लोक काय म्हणतील, म्हणून रोज उघडतो नि मिटतो. रविवारी त्यांचं सामान न्यायला टेम्पो येतोय. तुम्ही गेलात तिथं पोस्ट जात नाही, हे पत्र पेटीत पडणार नाही, ठाऊक आहे मला. तरी लवकर लिहा. शिव्या घाला हव्या तर, पण रविवारच्या आत लिहा.