प्रतिपिंड म्हणजे पिंड नव्हे, आई!

प्रिय आई,

आज दुपारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. पास झाले गं! सगळ्यांना फोन केले, बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, आणि मग लक्षात आलं, जिला सगळ्यात आधी सांगायचं तीच राहिली. तुला जाऊन दीड वर्ष झालं तरी सवय कुठे सुटतेय? म्हणून हे पत्र.

तू सारखी विचारायचीस, "काय करतेस गो तू तिथं?" एकदा मी उत्साहाने सुरुवात केली, "आई, मलेरिया झाला की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात..." तर तू विळीवरचे बोंबील टाकून उठलीस! "पिंड? मी जित्ती हाय अजून! घरात पिंडाचं नाव काढू नको!"

किती हसले होते मी! हसता हसता म्हणाले, "जाऊ दे, तुला नाही कळणार." पुढे तू विचारलंस की माझं तेच उत्तर. चुकलंच माझं. पण तूही जरा भांडायचंस ना माझ्याशी!

आज परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला आणि म्हणाल्या, "आकडे ठीक आहेत. आता ही प्रतिपिंडं करतात काय, ते तुमच्या आईला सांगता तसं सांगा." तुला मी सांगितलंच कुठे होतं? सहा वर्षांची मेहनत त्या एका प्रश्नापाशी अडली.

तेवढ्यात खाडीतल्या निवट्या साफ करणारी तू आठवलीस. ते बुळबुळीत मासे माझ्या हातून निसटायचे आणि तू ओरडायचीस, "आधी राख लाव गो, मंग घावल!"

तेच सांगितलं! मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत लपतो. पांढरी पेशी त्याला गिळायला येते, पण पकड बसत नाही. मग प्रतिपिंडं राखेसारखी त्या तांबड्या पेशीवर बसतात. त्यांचं एक टोक जंतूच्या खुणेला चिकटतं, दुसरं पांढऱ्या पेशीच्या हाती लागतं. झालं, गिळला!

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "आई हुशार दिसतात तुमच्या." आई, मला तिथेच रडू आलं, आनंदाने.

येत्या रविवारी आपल्या गावी, मुर्ध्यात, बायकांना जमवतेय. ताप आला की रक्त का तपासायचं, गोळ्या अर्ध्यावर का सोडायच्या नाहीत, ते आपल्या बोलीत सांगणार आहे. कुणी मध्येच विचारलं, "म्हंजे काय गो?" तर पुन्हा सांगेन. तू विचारायचीस तितक्या वेळा सांगेन. वचन देते.

तुझीच,
वैशू