शुक्रवारची सही

बोगोता, मंगळवार

लाडक्या एदिल्माताईस, धाकट्याचा मुका.

पत्र बसवाल्याच्या हाती धाडतोय. तुझा गुडघा कसा आहे?

कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकणाऱ्या या वर्गात पोरं मला आजोबा म्हणतात. काल आपल्या कॉफी सोसायटीला भागीदार करून घेणाऱ्या कंपनीचा करार मी त्यांना वाचायला दिला. वकील झालेली पोरं म्हणाली, “भाषा चोख.” बँकवाली पोरं म्हणाली, “भाव चोख.”

मी म्हटलं, “नववं कलम बघा. कंपनी हवे तेव्हा नवे शेअर काढणार, आणि सभासदांचा हिस्सा पाणी ओतलेल्या कॉफीसारखा पातळ होणार.”

शिकवणाऱ्या बाईंनी कलम पुन्हा वाचलं. “एल्कीनराव, कुठं शिकलात हे?”

“अर्धं तुमच्याकडे, अर्धं सोसायटीच्या तराजूमागे, कॉफी तोलताना.”

ताई, तू अध्यक्ष. शुक्रवारी सही करू नकोस. सभासद चिडतील, सांभाळून घे. गुरुवारी पोचतो. शुक्रवारी कंपनीचा वकील आला की बसवून ठेव, त्याच्याशी मीच बोलेन.

तुझा, पदवीआधीच शेफारलेला
एल्कीन