स्मिल्गानेचा भूगोल, सावकाश

१२ जानेवारी २०१४
हुकूम आला एकदाचा. माझ्या जागी मुशारी, इथला सौदीच. मीच त्याला स्टोअरचं काम शिकवायचं, आणि दर महिनाअखेर त्याने फॉर्मवर सही करायची — काम आलं की नाही आलं. ‘आलं’ लिहिलं की आठवड्यात मी, बायको नूरुन्निसा आणि झेबा, खलास, दापोलीला परत. झेबाची बारावीची परीक्षा मार्चात सुरू, शेवटचा पेपर एप्रिलात. मधेच उठलो तर पोरीचं वर्ष गेलं. अल-खोबरच्या या गोदामात एकवीस वर्षं काढली, आता तीन महिने काढायला डोकं लढवायचं!

१४ जानेवारी
मुशारी तिशीचा, दोन मुलांचा बाप. वेळेवर येतो, हेच वाईट.

सुचलं! आपलं प्लायवुड येतं लॅटव्हियातून. गिरणी स्मिल्गाने नावाच्या गावात. त्यांच्या माहितीपत्रकात चार पानं नुसता गावाचा भूगोल आणि इतिहास. गंभीर तोंड करून म्हटलं, “माल ओळखायचा तर आधी माती ओळखायची.” त्याने वही उघडली. बिचारा.

१५ जानेवारी
आज तीन तळी शिकवली. नावांसकट.

२० जानेवारी
आज डोंगर. उंची नव्वद मीटर! आमच्याकडची पोरं त्यावरून उडी मारून शाळेत जातील. घरं एकेकटी रानात, प्रत्येक घराला स्वतःचं नाव, शेजार असा नाहीच. मुशारी म्हणाला, “मग भांडतात कुणाशी?” प्रश्न चांगला होता. उद्या सांगतो म्हटलं.

नूरुन्निसाला कळलं. “तुमच्या जिभेला हाड नाही. त्याच्याही घरी बायकापोरं आहेत.” झेबा म्हणे, “अब्बा, धिस इज सो मीन.” जिच्यासाठी करतोय तीच!

३० जानेवारी
फॉर्मवर मुशारीने ‘नाही आलं’ लिहिलं. कसं येईल? आम्ही अजून डोंगरावरच आहोत.

९ फेब्रुवारी
पत्रक संपत आलं, म्हणून इतिहास लांबवतोय. आधी जर्मन जमीनदार, मग रशियाचा झार, मग स्वतःचं राज्य, मग पुन्हा रशियन, पुन्हा स्वतःचं. जमीनदाराच्या हवेलीत शाळा झाली, ती मुलांअभावी बंद पडली. मुशारीने विचारलं, “जर्मन गेल्यावर जमीन कुणाला?” मी जोरात म्हटलं, “कसणाऱ्याला! आमच्या आजाला कुळकायद्यात मिळाली तशीच.”

तो म्हणाला, “म्हणजे बाहेरचे गेले, घरचे आले.”

माझ्याच धड्यात मी अडकलो. चहा मागवला.

१८ फेब्रुवारी
तीन दिवस ताप. आज जाऊन बघतो तर गोदाम लख्ख, नोंदी बिनचूक, आलेला माल जागच्या जागी. रात्रपाळीच्या बाळारामने सांभाळलं असणार. त्याला खजूर दिले. तो गोंधळला, पण घेतले.

२७ फेब्रुवारी
पुन्हा ‘नाही आलं’. पत्रक संपलं, आता पदरचं घालतोय. स्मिल्गानेत विहिरीवरून दोन भावकींची चाळीस वर्षं बोलचाल बंद — ही आमच्याच वाडीची गोष्ट. लग्नाच्या जेवणात मानाचं ताट आधी कुणाला, यावरून दगडफेक — तीही. मुशारी सगळं लिहून घेतो. अल्ला माफ करो, मला मजा येतेय.

१२ मार्च
आज मेलोच होतो! मॅनेजर थेट गोदामात. मुशारीला विचारलं, “दोन महिन्यांत काय शिकलास?” हा उभा राहून सुरू — तीन तळी, रेताड टेकडी, हवेली. मॅनेजरच्या भुवया वर. तेवढ्यात हा म्हणतो, “थंड प्रदेशाचं लाकूड आहे, साहेब. इथल्या दमट हवेत फुगतं. म्हणून गठ्ठे जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून लांब ठेवायचे.” मॅनेजर खूश. माझी पाठ थोपटली.

हे मी कधी शिकवलं? आठवत नाही. शिकवलं असेल.

३१ मार्च
‘नाही आलं’. मॅनेजर कुरकुरला, “इतका मठ्ठ आहे का हा?” मुशारी मान खाली घालून उभा. वाईट वाटलं, तरी फॉर्म फाइलला लावला. पोरीचे दोन पेपर राहिलेत.

९ एप्रिल
झेबाचा शेवटचा पेपर झाला. सोपा गेला म्हणे. समुद्रकाठी कॉर्निशवर जाऊन आइस्क्रीम.

१० एप्रिल
सकाळी मुशारीने महिनाअखेरीची वाट न पाहता फॉर्म मागून घेतला आणि ‘आलं’ लिहून सही केली. म्हणाला, “उस्ताद, काम मला दुसऱ्याच आठवड्यात आलं होतं. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही मुलीच्या पेपरांच्या तारखांना गोल करून पुढे विषय लिहिलेत. ते मलाही वाचता येतात.” लाज वाटली. मीच चाव्यांचा जुडगा काढून त्याच्या हातात दिला.