माणूस आडवा आलेला फोटो

ती. आत्यास,

तुझ्या बेपत्ता भाच्याचा लांबूनच, पण पूर्ण वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मांजर अजून शेजारणीकडेच जेवतं का? हे पत्र मी याआधीही सुरू केलं होतं. एक चहाच्या कपाखाली गेलं, एकाचं विमान करून माळ्यावर सोडलं (छान गेलं, परत काही आलं नाही), मग लिहू लिहू म्हणत राहिलो. आता टाळता येत नाही, कारण ब्लेड तुझ्या मानेशी आलंय. घाबरू नकोस, फोटोतल्या.

सध्या मी जुन्या विमानांच्या दुकानात आहे. म्हणजे विमानं नाहीत. त्यांचे फोटो, बिल्ले, बंद पडलेल्या कंपन्यांचे कप, आणि एका लढाऊ विमानाचा लाकडी पंखा (तो छताला टांगलाय, त्याखाली कोणी उभं राहत नाही). मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते जन्मात विमानात बसलेले नाहीत आणि स्टुलावर चढले तरी त्यांना गरगरतं, म्हणून वरच्या फळ्यांसाठी मला ठेवलंय. आल्या आल्या मी एका वैमानिकाची चामडी टोपी साबणाने स्वच्छ धुतली. ती आता किटलीवर बरोबर बसते. कॅप्टन बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण टोपी किटलीवरून काढलीही नाही.

या लोकांचं एक शास्त्र आहे. विमानाच्या फोटोत माणूस आला की फोटो बिघडला. माणूस चाक झाकतो, नंबर झाकतो, वर हसतो. असे फोटो एका खोक्यात जातात, खोक्यावर लिहिलंय ‘माणूस आडवा’. मग ब्लेडने माणूस उडवायचा आणि उरलेली शेपटी नाहीतर नाक विकायचं. हे काम माझ्याकडे आलं. आता तूच सांग, इतकी हसरी माणसं, कुणाचा टाय वाऱ्याने तोंडावर आलेला, कुणी कॅमेऱ्याकडे बघता बघता शिंकतंय. मी सगळे चेहरे नीट राखले आणि मागची विमानं कापून टाकली. कॅप्टननी ते बघितलं आणि जमिनीवरच बसले. मग मला केरातून शेपट्या शोधून जागच्या जागी चिकटवायला लावलं, आणि तसं करताना खोक्याच्या तळाशी, अजून न कापलेली, तू सापडलीस.

वेणी खांद्यावर, बाह्या वर सारलेल्या, काखेत पट्ट्यापट्ट्यांचा लाकडी ठोकळा, मागे दोन पंख्यांचं मोठं विमान, आणि तू अशी उभी, की तुझ्या परवानगीशिवाय ते जागचं हलणार नाही. तरुणपणी तू धावपट्टीवर विमानांच्या चाकांना ठोकळे लावायचीस, हे तूच सांगायचीस. बाबा आल्यागेल्याला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराखालचा ठोकळा दाखवायचे आणि म्हणायचे, “आमच्या ताईने विमानं थोपवली, आता हा दार थोपवतो.” सगळे हसायचे. तूही हसायचीस. मग तू सांगणंच सोडून दिलंस.

मी कॅप्टनना म्हटलं, ही माझी आत्या. “असेल,” ते म्हणाले, “पण चाकासमोर उभी आहे.” (चाकासमोर नाही तर काय शेपटीवर उभी राहणार? कामच ते.) रविवारी त्यांची मंडळी जमते, त्यात एक दंतवैद्य आहेत आणि एक निवृत्त गणिताच्या बाई. हे विमान आधीच्या घडणीचं की नंतरच्या, यावर दुपारभर जुंपली. नंतरच्याची चाकं मोठी असतात म्हणे. दंतवैद्य भिंगातून चाक बघायला जावेत, तर पुढे तू. शेवटी गणिताच्या बाई म्हणाल्या, “या मुलीची उंची किती? त्यावरून चाकाचं माप काढता येईल.” खोक्यातल्या माणसाबद्दल कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ असावी. मी लगेच तोंड घातलं. शेवटी ठरलं ते असं, की तू स्वतः येऊन दुकानाच्या भिंतीला टेकून उभी राहिलीस, तर मापाच्या बदल्यात अख्खा फोटो तुझा. येत्या रविवारपर्यंत नाही आलीस, तर तुला कापणार आणि शेपटी दंतवैद्यांच्या दवाखान्यात लागणार. (वयाने माणूस थोडा खाली उतरतो, ती सूट बाईंनी मान्य केली आहे.)

तेव्हा गुडघ्याची समजूत काढ आणि ये.

तुझा,
एका जागी न टिकणारा भाचा

ता. क. सपाट चपला घालून ये. हे लोक फसवणूक लगेच ओळखतात.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की येताना आमच्या दाराखालचा ठोकळा उचलून आण. भिंतीपाशी तुझ्या शेजारी ठेवला की कुणाची बोलायची टाप नाही. बाबांना मात्र कळू देऊ नकोस. मी वैमानिकाचं शिक्षण घेतोय असं त्यांना कळवलंय.

ता. क. तिसरा. ठोकळ्याचं राहू दे, तू मात्र ये. माझ्या पाकिटावरचा पत्ता शोधत बाबाच येऊन उभे आहेत. वैमानिक मुलगा शिडीवर कप पुसताना सापडला. माझा कान धरायला हात उचलला, तेवढ्यात टेबलावरचा फोटो दिसला आणि हात तसाच राहिला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग एवढंच म्हणाले, “ठोकळा तोच आहे.” शेजारी कॅप्टनचं ब्लेड होतं, ते उचलून त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं. आता फोटोसमोर उभे आहेत. कॅप्टन मागून सारखे म्हणतायत, जरा बाजूला व्हा, विमान दिसत नाही. बाबा हलत नाहीत.