प्रश्नक्रमांकांचा तक्ता

सोमवार, अकरा तारीख

चि. खारूताईस,

मामाचे आशीर्वाद, आणि एक अत्यंत गंभीर तक्रार. आमच्या शिक्षक-कक्षातला पंखा फक्त माझेच कागद उडवतो. विभागप्रमुखांच्या टेबलावरची चिठ्ठीही हलत नाही. पंख्यालासुद्धा ज्येष्ठता कळते. तीन अर्ज केले. उत्तर आलं, "विचाराधीन."

घरी सगळं ठीक. मामी विचारते, खारूताई महिनाभर फिरकली का नाही? मी म्हटलं, परीक्षा असेल. खोटं बोलण्यात हात बसलाय माझा.

शुक्रवारी तुझी चौकशी आहे. नोटीस आमच्याच विभागात टाईप झाली, म्हणून वाचली. माझ्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाची नवी आवृत्ती बाजारात येण्याआधीच तू माझ्या घरून मजकूर चोरलास, आणि जुन्या-नव्या प्रश्नक्रमांकांचा तक्ता तुमच्या मुक्त पाठ्यपुस्तक मोहिमेच्या फलकावर लावलास, असा आरोप. जुन्या पुस्तकावरच पोरांचं भागायला लागलं, प्रकाशक खवळला. आरोप सिद्ध झाला, तर कॉलेजातून तुझं नाव कमी.

नव्या आवृत्तीत नवं काय, तर निळं मुखपृष्ठ हिरवं झालं. चौथा प्रश्न अकरावा झाला, अकरावा सातवा. एवढ्या संशोधनाला मला दोन महिने लागले.

शनिवारी प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच ओळखलं, काम माझ्याकडे आहे.

"सर, भाची तुमच्याकडे येत-जात असते ना?"

"असते."

"मग झालं तर! तुम्ही फक्त गप्प राहा. बाकीचं आम्ही बघतो."

मी गप्प राहिलो. इतका छान गप्प राहिलो, की त्यांनी बिस्किटंही पुढे केली.

तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं तरी वाटतं, शिपाई माझ्या निलंबनाचं पत्र घेऊन आला. पंचवीस वर्षांची नोकरी, उरलेली आठ, मामीचं औषधपाणी... पेपर तपासायला घेतो आणि तेच पान चारदा वाचतो.

तुमच्या मोहिमेच्या खोलीच्या दाराखालून बिननावाचा लिफाफा आला होता ना? आतला तक्ता टाईप केलेला होता, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. वसतिगृहात तुम्हा चौघींत एकच पुस्तक, पाळीपाळीने वाचता, असं तू आमच्याकडे जेवताना सहज सांगितलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी तक्ता केला. सरकवताना चपला हातात घेतल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेला प्राध्यापक, स्वतःच्याच पुस्तकाचा चोर! आणि चोरीचा आळ तुझ्यावर आला, तेव्हा हा चोर महिनाभर वर्गात सरासरी शिकवत होता.

आज सकाळी हे सगळं लिहून, सही करून प्राचार्यांच्या कार्यालयात दिलं. कारकुनाकडून आवक क्रमांक टाकून घेतला. आता मागे घ्यावंसं वाटलं तरी घेता येणार नाही. मला माझी खात्री नव्हती.

शुक्रवारी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. भीती गेलेली नाही, तिला घेऊनच येईन.

एक उत्तर तेवढं देणं लागतो. नोटीस आली त्या दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी तू विचारलं होतंस, "मामा, तू आमच्या बाजूचा आहेस ना?" आणि मी घड्याळ बघत सटकलो होतो.

हो, आहे.

तक्ता देणारा,
तुझा मामा