निळी ताडपत्री

९ एप्रिल

चि. धाकल्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. तुझ्या लेकीच्या दातांना तार बसवली म्हणे. तिला सांग, आत्याने आठवण काढलीय, पण चॉकलेट बंद.

परवा आई शेजारणीला सांगत होती, "मुलगा विमा कंपनीत साहेब आहे. सरकारपुढे बोलायला त्यालाच पाठवतात." मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

आपल्या घराच्या विम्याचा हप्ता यंदाही वाढला, आणि असा की कागदावरचा आकडा मी दोनदा वाचला. कारण काय, तर छप्पर खराब. तुमच्या कंपनीत फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ड्रोनने वरून फोटो काढलाय. छप्पर झाकलेलं दिसतंय."

"अगं बाई, झाकलंय. फुटलेलं नाही."

"सिस्टिममध्ये तसा पर्याय नाहीये, मॅडम."

बाबांची सवय तुला वेगळी सांगायला नको. वादळाचे दिवस यायच्या आधी ठणठणीत छपरावर ताडपत्री बांधायची. "गळायला लागल्यावर काय, कुणीही झाकेल," म्हणायचे. ते वर, आणि खाली दोर ताणून धरायला तू. हात सोलले म्हणून भोकाड पसरायचास. बाबा गेल्यापासून मी बांधते.

इथपर्यंत शांतपणे लिहायचं आणि थांबायचं, असं ठरवलं होतं. नाही जमत.

विम्याच्या हप्त्यांवर सरकारपुढे झालेल्या त्या सुनावणीला मी आले होते. मागच्या रांगेत, खांबाच्या आड. वर्षाला हप्ता किती वाढवावा याला काही मर्यादा असावी, एवढंच मागायला आमची अख्खी गल्ली आली होती. ती मर्यादा आली तर घर राहतं. नाही आली तर यंदा विकायला काढावं लागेल. बिनविम्याचं घर वादळाच्या तोंडी ठेवायची माझी छाती नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तू उठलास, कोट सारखा केलास आणि म्हणालास, "मर्यादा घातली, तर अशा बेफिकीर घरमालकांचा भार बाकीच्यांनी सोसायचा का?" आणि पडद्यावर आपलं छप्पर! निळी ताडपत्री, कोपऱ्यात बाबांनी लावलेलं हिरवं ठिगळ. ओळखलं नाही, असं मला सांगू नकोस. तू पडद्याकडे बघितलंस, घोटभर पाणी प्यायलास आणि पुढे बोलत राहिलास. बेफिकीर? बाबा? जीभ कशी रेटली रे तुझी?

तुझे भावोजी म्हणाले, "मेहुण्याने फोटो मात्र छान निवडला, अंगण झाडलेलं दिसतंय." एरवी मी हसले असते.

सोमवारी पुन्हा सुनावणी आहे. बोलणाऱ्यांत मी नाव दिलंय. ताडपत्री सोडवून सोबत आणणार आहे. साहेबलोकांसमोर उलगडून दाखवणार आहे, ती कुणी, कधी आणि कशासाठी बांधायला लावली ते. मी तुझी बहीण आहे, हे मात्र माझ्या तोंडून निघणार नाही. ते तुझं तू बघ.

ताडपत्री मोठी आहे. एकटीने उलगडत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.

अजून तरी तुझीच,
ताई