पेल्याखालच्या बारा चकत्या

पाएते,
२३ जून

वडील बहीण तिकाताई हिला, तिचा हात इतक्या दुरूनच कपाळाला लावून, धाकटा भाऊ फाउस्तिनो याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? बागियोच्या थंडीत फारच कुरकुरत असतील तर महिनाभर इकडे तळ्याकाठी ये, असं होनोराता म्हणते. (मी तिला म्हटलं, ताई आली तर तुझ्या रश्श्यात मीठ कमी आहे हे पुन्हा ऐकावं लागेल. तरी ये म्हणते. माझ्या बायकोचं मन मोठं आहे.) आम्ही सगळे खुशाल. माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, पण तिच्यापाशी ओघाने येतोच.

आपल्या लिगायाचं लग्न ठरलं! मुलगा लुम्बानचा, नाव लिओन्सिओ, शाळेत गणित शिकवतो. गेल्या रविवारी त्याला घेऊन त्याचे आईवडील रीतीप्रमाणे मुलीचा हात मागायला घरी आले होते. ठरलं हे खरं, पण कसं ठरलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात झाली टेबलापासून. माझ्या सासूबाईंचं ते नाराच्या लाकडाचं टेबल होनोराताने आठ दिवस तेल लावून घासलं. त्यात तोंड दिसायला लागलं, तेव्हा तिला धसका बसला की पाहुण्यांच्या गार पेल्यांची वर्तुळं त्यावर उमटणार. 'बाजारातून पेल्याखाली ठेवायच्या बारा चकत्या घेऊन या,' म्हणाली. आता तूच सांग, पाएतेत राहून लाकडाची वस्तू विकत आणायची? ज्या गावात गिऱ्हाईक नसलं की न्हावीसुद्धा देवदूत कोरत बसतो? मी म्हटलं, क्रिस्पुलोच्या कारखान्यात टाकाऊ तुकड्यांचा ढीग पडलाय, मी घरीच करतो, आणि नुसत्या नाही, नक्षीसकट. होनोराता उठली, आणि कापूस नि आयोडिन कुठे आहे ते बघून आली. (मी दहा वर्षांचा असताना बाबांनी माझ्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि 'याला कागदाच्या कामाला लावा' असं आईला सांगितलं, हे तू तिला कधीतरी सांगितलेलं दिसतं. बत्तीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले, आणि सगळे गोल मारले. पण ते कोण लक्षात घेतो?)

क्रिस्पुलो मोठ्या घाईत होता. आपला चुलतभाऊ असला तरी मूर्ती कोरताना तो कुणाचाच नसतो. मान वर न करता म्हणाला, 'उजवीकडचं पोतं ने.' आता उजवीकडचं म्हणजे त्याच्या उजवीकडचं की माझ्या? आम्ही समोरासमोर उभे होतो. मी माझ्या उजवीकडचं उचललं. घरी येऊन पाहतो तर लाकडाच्या तुकड्यांखाली एक अख्खा हात! तळवा वर केलेला, बोटं जराशी वाकलेली, मनगटावरच्या शिरासुद्धा कोरलेल्या. मला वाटलं, कुठेतरी तडा गेला असेल म्हणून टाकला. तळव्यावर पेला ठेवून पाहिला, तर असा बसला की हलवून हलेना. म्हटलं, झालं, बारावी चकती आयतीच मिळाली.

उरलेल्या अकरा चकत्यांनी मात्र माझा जीव घेतला. करवत सरळ चालते हा लोकांचा गैरसमज आहे. प्रत्येक चकती एका कडेला पोळीएवढी पातळ नि दुसऱ्या कडेला भाकरीएवढी जाड झाली, त्यामुळे पेला ठेवला की तो समोरच्याला वाकून अभिवादन करी. घासून घासून त्या सारख्या केल्या (अंगठ्याचं कातडं त्यातच गेलं). मग प्रत्येकीवर लान्सोनेस फळांचा घोस कोरला. शेजारीण येऊन म्हणाली, 'अगं बाई, या सगळ्यांना गोवर आलाय का?' शेवटी व्हार्निश लावून चकत्या, त्या हातासकट, अंगणात ठेवल्या, तर आमची कोंबडी एकीवरून चालत गेली. पण नवी करायला वेळ कुठे होता? शिवाय पावसाळी हवेत व्हार्निश वाळायचं नाव घेईना. रविवारी सकाळी बोट लावलं तर जरासं चिकटलं. मी मनाशी म्हटलं, जरासंच तर आहे.

पाहुणे आले. व्याही सेवेरिनो शांत, जाडजूड माणूस. विहीणबाई पासेन्सिया यांचा भरतकामाचा कारखाना, त्यामुळे नजर सुईसारखी. कालामान्सी लिंबांचं गार सरबत आलं, आणि बोलणी लगेच अडली. त्यांना लग्न लुम्बानच्या चर्चमध्ये हवं, होनोराताला इथे. दोघीही इतक्या गोड हसत होत्या की मला घाम फुटला. लिगाया स्वयंपाकघरात पातेली आपटत होती, लिओन्सिओ भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले रविवार मोजत होता.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, 'सरबत घ्या ना!' सगळ्यांनी पेले उचलले. ताई, चकत्या पेल्यांबरोबर वर आल्या. सगळ्याच्या सगळ्या. पण माणसं इतकी सभ्य की पाएतेत पेल्यांना लाकडाचं बूड असतं अशी समजूत करून घेऊन सगळे हनुवटीला चकती लावून सरबत पीत राहिले. विहीणबाईंनी आपली चकती न्याहाळून विचारलं, 'ही पानांची नक्षी फार मोकळ्या हाताची आहे हो. कुणाची?' ती कोंबडीची पावलं होती. मी म्हटलं, 'आमच्या घरातल्याच एकीची.'

एवढ्यात अंगावर भुसा घेऊन क्रिस्पुलो दारात उभा. 'फाउस्तिनो, हात दे!'

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, 'अहो, थांबा जरा. आम्ही सकाळपासून तोच मागतोय.'

'मला मुलीचा नकोय, बाई! संत फ्रान्सिसचा हवाय! उद्या मूर्ती न्यायला लोक येतायत आणि संत थोटा उभा आहे!'

मग सगळ्यांचं लक्ष सेवेरिनोंकडे गेलं. त्यांच्या मुठीत पेला, पेल्याखाली संताचा तळवा, आणि ते खाली बघून म्हणतात कसे, 'तरीच! मघापासून वाटतंय, मला कुणीतरी खालून आधार देतंय.'

क्रिस्पुलोने संताचं मनगट धरलं, व्याह्यांनी पेला धरला, आणि ओढाओढी सुरू झाली. पेला काही सुटला नाही, पण आतलं सरबत सगळं त्या टेबलावर! क्रिस्पुलो पेल्यासकट हात घेऊन निघून गेला. मला वाटलं, मोडलं लग्न. माझ्या हाताने मोडलं. स्वयंपाकघराच्या दारात लिगाया उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

आणि मग सेवेरिनो हसायला लागले. आवाज नाही, नुसतं पोट. मग विहीणबाई, मग टेबल पुसायच्या फडक्याने डोळे पुसत होनोराता. सेवेरिनो म्हणाले, 'पासेन्सिया, लग्न इथेच होऊ दे. या घरात माणूस कंटाळायचा नाही.' विहीणबाईंनी मान डोलावली. 'मात्र एक अट,' म्हणाल्या. 'लग्नाला येणाऱ्या प्रत्येकाला मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने केलेली एकेक चकती मिळाली पाहिजे.'

लिगाया धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, 'बाबा, कराल ना?' ताई, उभ्या जन्मात माझ्या हाताचं काम कुणी मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

(क्रिस्पुलोचा राग गेला. तळव्यावर पडलेल्या वर्तुळावर त्याने एक लाकडी चिमणी बसवली, आणि मूर्ती नेणारे म्हणाले, चिमणीमुळेच जीव आला.)

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तुझ्या गुडघ्यांना माझी विनवणी की डिसेंबरातल्या लग्नापर्यंत दम धरावा.

तुझा,
फाउस्तिनो

ता. क. पाहुणे तीनशे आहेत. तुमच्या बागियोच्या बाजारात लाकडी चकत्या मिळतात ना? तीनशे घेऊन गुपचूप पाठव. खोक्यावर 'गुडघ्याचं तेल' असं लिही. होनोराता उघडणार नाही.

ता. क. २. जरा लवकर पाठव. साठ करून झाल्या असं मी सगळ्यांना सांगून बसलोय, आणि विहीणबाई शनिवारी बघायला येतायत.

ता. क. ३. फार सुबक घेऊ नकोस. दुकानदाराला म्हणावं, वाकड्या झाल्यात म्हणून बाजूला टाकलेल्या असतील, त्याच दे.